नागोरावांचा दुसरा आवाज

सकाळी कुकरची शिट्टी झाली की चारचौघांच्या घरात वरणाचा वास सुटतो. जाईबाईच्या घरात त्या हिवाळ्यात उकडलेल्या कापडाचा सुटायचा. भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून चार दुकानं पालथी घालून, घासाघीस करून आणलेला तिचा एकुलता एक कुकर, आणि त्यात नवरा जखमेवर लावायच्या पट्ट्या उकडत होता. वरण बिचारं पातेल्यात रटरटत राहायचं आणि तरी जेवताना डाळ दाताखाली यायची.

"आवं, दुसरं एखादं भांडं घ्या की," ती एकदा म्हणाली.

"भांड्यात जंतू मरतात का? प्रेशर लागतं! तुला काय कळतंय त्यातलं? हो बाजूला!"

नागोराव गरजले. गरजले म्हणजे खरंच गरजले. समोरच्या घरातली हंसाबेन निवडायच्या तांदळाचं ताट हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. आणि पुढच्याच क्षणी त्याच तोंडानं, बाहेरच्या खोलीतल्या खाटेकडं वळून नागोराव म्हणाले, "जीवन, बाळा, पाणी फार गरम नाही ना लागलं?"

हा त्यांचा दुसरा आवाज. मऊ, खालच्या पट्टीतला, उत्तराची वाट बघत थांबणारा. जाईबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो या आवाजानं. कुकर काय, दिवाळीला दुसरा घेता आला असता. हा आवाज कुठल्या बाजारात मिळतो?

स्पष्टच सांगायचं तर बाई जळत होती. अंथरुणाला खिळलेल्या, कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका माणसावर जळत होती. असल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? तिला स्वतःलाच त्याची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून पोटातली जळजळ काही थांबत नव्हती.

नागोराव सैन्याच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट होते. एकाहत्तरच्या लढाईत नवखा पोरगा म्हणून रक्ताच्या बाटल्या धरून उभे राहिले होते, आणि शेवटी शेवटी श्रीलंकेला शांतिसेनेबरोबर जाऊन आले होते. मधल्या काळात किती जणांच्या जखमा धुतल्या, किती जणांना खांद्यावर घेऊन पळाले, ते त्यांनी कधी घरी सांगितलं नाही. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर परभणीकडचं गाव सोडून भाईंदर पूर्वेला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि जवळच्या एका नर्सिंग होममध्ये ड्रेसिंग करायच्या नोकरीला लागले. घरात जाईबाई आणि सातवीत शिकणारी मुलगी संघप्रिया. बिऱ्हाड लहान, पण त्यांच्या आवाजामुळं अख्ख्या इमारतीला माहीत झालेलं.

जीवन त्यांच्याच भागातला, हिंगोलीकडचा. श्रीलंकेत त्याची गाडी सुरुंगावर गेली आणि त्याचा पाठीचा मणका मोडला. तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात नागोरावांनीच त्याला जगवला, पुढं पुण्याच्या लष्करी दवाखान्यातही तो त्यांच्याच वॉर्डात होता. आईवडील गेलेले, एक भाऊ होता तो दारात उभं करून घेईना. महिनाभरापूर्वी नागोराव कुलाब्याच्या दवाखान्यात त्याला भेटायला म्हणून गेले आणि संध्याकाळी टॅक्सीतून त्याला घेऊनच आले. बायकोला एवढंच सांगितलं, "थोडे दिवस राहील. हवापालट होईल."

"जयभीम, वैनी," जीवननं टॅक्सीतूनच हात जोडले होते. तेव्हा तिला त्याची दयाच आली होती. दया चार दिवस टिकली.

कारण पाचव्या दिवसापासून ती बघायला लागली. इमारतीला पाण्याचा टँकर यायचा. बायका हंडे, बादल्या घेऊन रांगेत भांडायच्या. जाईबाईनं भांडून आणलेलं पाणी नागोराव तापवायचे, कोपर बुडवून बघायचे, पुन्हा थोडं गार मिसळायचे, पुन्हा कोपर बुडवायचे. मग जीवनचं अंग पुसायचं, त्याला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची. खाट टोचून कमरेला झालेली जखम वाढू नये म्हणून दर थोड्या वेळानं पुन्हा वळवायचं. एवढं सगळं करताना तोंडानं चालू असायचं, "झालं हं बाळा. आता डावा हात. दमलास का? थांबू का जरा?"

जाईबाई चपात्या लाटताना हे ऐकायची आणि चपातीचा पार नकाशा व्हायचा.

फौजीची बायको म्हणजे वर्षातले दोन महिने नवऱ्याची आणि दहा महिने सासूची. त्या दोन महिन्यांत तरी काय वाट्याला आलं? एकदा तिला टायफॉइड झाला, नेमका त्यांच्या रजेच्या दिवसांत. उठवेना, बसवेना. नागोरावांनी कांजीची वाटी समोर आदळली. "नखरे बंद! वाटी रिकामी दिसली पाहिजे, नाहीतर नाक दाबून ओतीन!" तिनं रडत रडत कांजी प्यायली. बरीही झाली. पण कांजी विसरली आणि रडणं लक्षात राहिलं. कोपर बुडवून पाणी बघणं वगैरे तर सोडाच.

असं नव्हतं की तो आवाज तिनं आधी ऐकलाच नव्हता. ऐकला होता, एकदाच. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, गावाकडं. पहिला मुलगा संघर्ष नुकता रांगायला लागला होता आणि जुलाबांनी मलूल पडला होता. तालुक्याच्या डॉक्टरनं सलाइन लावून घरी पाठवलं होतं. नागोराव रजेवर आले ते थेट पोराजवळ बसले. सुरुवातीला नेहमीसारखे गरजले: पाणी उकळा, मीठ-साखर आणा, माश्या हाकला! दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि हळूच बोलायला लागले. "संघर्ष, माझ्या राजा, एक चमचा घेतोस का? नको? बरं, नको तर नको."

जाईबाई दारात उभी राहून ऐकत होती. या माणसाला पोराचा इतका लळा आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तिला वाटलं, आता धोका टळला; टळल्याशिवाय हा असा निवांत बोलेल का? पोरानंही तिच्याकडं बघून ओठ हलवल्यासारखं केलं. मळलेली दुपटी पाटीत घालून ती हसत हसत दुधना नदीवर धुवायला गेली. परत आली तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या.

त्यानंतर तो आवाज घरात पुन्हा आला नाही. संघप्रियाच्या जन्माच्या वेळीही नाही. जाईबाईनं मनाची समजूत घातली होती, की नवऱ्याकडं जी काय माया होती ती त्या पोराबरोबर गेली, आता ओरडाच उरला. ज्याच्याकडं नाहीच त्याच्याकडं मागायचं काय? त्या समजुतीवर तिचा संसार बरा चालला होता. आणि आता दिसत होतं, की माया संपलेली नव्हती. चांगली भरपूर होती, फक्त तिच्यासाठी नव्हती.

हंसाबेननं त्यावर मीठ चोळलं. "जाईबेन, तुम्हारे मिस्टर तुम पे कितना चिल्लाते हैं! और वो भाई से देखो, कितना प्यार से बोलते हैं. मैं तो समझी सगा भाई है."

"हां, सगा ही है," जाईबाई म्हणाली आणि हंडा उचलून घरात गेली.

एके दिवशी विळीवर भोपळा चिरताना तिचं बोट कापलं. मुद्दाम कापलं असं नाही म्हणता येणार. पण पातं लागलंय हे कळल्यावर जितक्या झटकन हात काढायला हवा होता तितक्या झटकन तिनं काढला नाही, एवढं मात्र खरं. रक्ताची धार लागली. बोट वर धरून ती बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं बघावं, एकदा त्या आवाजात "फार लागलं का गं?" म्हणावं, बस. आयुष्यात तिला दुसरं काही नको होतं.

नागोरावांनी बघितलं. "डोळे काय स्टेशनवर ठेवून आलीस का? भोपळा चिरतेस का लढाई करतेस? धर वर! वर धर म्हणतो ना!" बोट असं आवळून बांधलं की तिला ब्रह्मांड आठवलं. "संध्याकाळी नर्सिंग होममध्ये येऊन टिटॅनसचं इंजेक्शन घे. नाही आलीस तर फरफटत नेईन."

खाटेवरच्या जीवननं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय मेला, जाईबाईला वाटलं. त्या दिवशी त्याच्या ताटात तिनं मुद्दाम कडेची, करपलेली भाकरी वाढली. त्यानं तशीही दोन घासांच्या वर खाल्ली नाही, म्हणून तिला सूड उगवल्याचं समाधानही मिळालं नाही.

शेवटी जे पोटात होतं ते ओठावर आलं. दुपारची वेळ होती. नागोराव कामावर, संघप्रिया शाळेत. जीवननं पाणी मागितलं. जाईबाईनं पेला भरून दिला. त्यानं नुसते ओठ ओले केले आणि पेला परत केला. त्याच्या डोळ्यांखाली सूज होती, हात सारखा अंगाला खाजवत होता. तिनं हे रोजच बघितलेलं होतं आणि रोज मनात म्हटलं होतं, लाड दुसरं काय.

"भाऊ, एक इचारू?"

"इचारा की, वैनी."

"तुमी कवा जाणार?"

शब्द बाहेर पडले आणि तिला वाटलं, आपण लुळ्या माणसाच्या थोबाडीत मारली. पण परत कसे घेणार? ती पेला घट्ट धरून उभी राहिली.

जीवन रागावला नाही. उलट ओशाळला. छताच्या पंख्याकडं बघत म्हणाला, "वैनी, तुमाला खरं सांगू का? मला तुमचा लई हेवा वाटतो."

"माझा?"

"सकाळी उस्ताद तुमच्यावर वरडतात ना, मी भिंतीकडं तोंड करून ऐकतो. त्या दिशी बोट कापलं तवा तर रडूच आलं मला. म्हटलं, एवढ्यातली एक शिवी तरी आपल्याला मिळावी."

"थट्टा करायलात व्हय गरिबाची?"

"आईची आन." त्यानं गळ्याला चिमटा घेतला. "बसा, सांगतो."

ती खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली. जीवन दम घेत घेत बोलू लागला. लंकेतल्या तंबूत, पुण्याच्या वॉर्डात, उस्ताद यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. ऊठ रे मुडद्या, पाय गेलाय, तोंड गेलं नाही, जेव! तू काय लाटसाहेब लागून गेलास, कूस बदल! ज्याच्यावर ते ओरडायचे त्याच्यासाठी बाकीचे जखमी टाळ्या पिटायचे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: उस्ताद ओरडले म्हणजे गडी वाचला. त्यांना हे त्यांच्या उस्तादानं, बाबाजी सुभेदारानं शिकवलं होतं. ब्रह्मदेशाच्या लढाईत स्ट्रेचर वाहिलेला म्हातारा. तिथं जंगलात ना औषध होतं ना डॉक्टर, होता फक्त आवाज. मग हे लोक जखमींवर ओरडायचे, त्यांना चिडवायचे. माणूस चिडला की मरायचं विसरतो, असं बाबाजी म्हणायचा.

"आन् गोड कवा बोलायचे मग?" जाईबाईनं विचारलं.

"ते त्यांना कुणी शिकवलं न्हाई. ज्याच्यासाठी करण्यासारखं काईच उरलं न्हाई, त्याच्या खाटेवर जाऊन बसायचे. आवाज आपोआप उतरायचा. बाळा, राजा, दोन घास जातील का? तसा आवाज आला की आमी त्या खाटेकडं बघायचो न्हाई. आपापली तोंडं फिरवून घ्यायचो."

जाईबाईच्या हातातला पेला कलंडला. पाणी फरशीवर पसरलं.

"मला लंकेत शिव्या घातल्या, पुण्यात घातल्या, म्हणून एवढी वर्सं काढली," जीवन म्हणाला. "कुलाब्याला भेटायला आले तर मी वाट बघत होतो, आता वरडतील. त्यांनी कागद बघितले, खाटेवर बसले आन् म्हणले, 'जीवन, बाळा, दोन घास जातील का?' डॉक्टरनं मला दुपारी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. मला सकाळीच कळलं होतं. मी उस्तादांना म्हटलं, मला दवाखान्यात नको, कुणाच्या तरी घरात मरू द्या. ते म्हणले, चल." त्याचा चेहरा एकदम पडला. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

त्या क्षणी जाईबाईला जीवन दिसत नव्हता. तिला दुधनेचं पाणी दिसत होतं, आणि दगडावर दुपटी आपटताना आपण गुणगुणत होतो ते आठवत होतं. संघर्ष, माझ्या राजा, नको तर नको. तो आवाज म्हणजे माया, असं समजत तिनं इतकी वर्षं काढली होती. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. कुकरमध्ये उकडलेल्या पट्ट्या गार होत पडल्या होत्या. कितीतरी वेळानं तिला रडू आलं, आणि आलं ते थांबेना.

संध्याकाळी नागोराव आले. घरात दिवा नव्हता, शेगडी थंड होती, संघप्रिया पुस्तक मिटून आईकडं बघत बसली होती.

"काय चाललंय काय? झोपा काढल्यास का दिवसभर? पोरगी उपाशी बसलीय!"

जाईबाईनं मान वर केली. रोजचाच ओरडा, पण तिनं तो पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकला. मग तिनं संघप्रियाला हंसाबेनकडं पाठवलं, मधलं दार लोटलं आणि म्हणाली, "जीवनभाऊशी तुमी असं गोड कामून बोलता?"

"गोड? मी कुठं गोड बोलतो?" नागोराव खरोखर चकित झाले. त्यांचा चेहरा बघून जाईबाईला कळलं की या माणसाला हे ठाऊकच नाही. अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होतं, फक्त यांना नव्हतं. मरणाऱ्यापासून आपण सगळं लपवतोय अशा समजुतीत हा खाटेवर बसायचा आणि पहिल्या शब्दातच सांगून मोकळा व्हायचा.

"संघर्षशीबी तसंच बोलला होतात," ती म्हणाली.

नागोरावांना हातातली पिशवी ठेवायचंही सुचेना.

"तुमाला कळलं होतं. तरी मला जाऊ दिलंत नदीवर. हसत गेले मी. आई हाय का कोण हाय मी त्याची? कामून न्हाई सांगितलंत?"

"तू हसत होतीस," नागोराव म्हणाले. "पोरगं तुझ्याकडं बघत होतं. तू हसलीस की त्याला बरं वाटत होतं. सांगितलं असतं तर त्याला तुझा दुसराच चेहरा दिसला असता. मला ते मोडवेना, जाई. मग तू उठून पाटी भरलीस... तेव्हा थांबवायला हवं होतं. थांब म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही."

तिला त्यांची कीव आली आणि त्यांना मारावंसंही वाटलं. यातलं एकही तिनं केलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या भाऊला एकदा वरडा. त्याला तेवढंच पाहिजे."

"कुणाला? जीवनला? कशाला?"

तिनं सगळं सांगितलं. नागोराव ऐकत राहिले. मग बाहेरच्या खोलीत गेले, खाटेजवळ ताठ उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला. जीवन डोळे मोठे करून बघत होता. नागोरावांनी तोंड उघडलं.

"जीवन, बाळा..." एवढंच आलं, आणि तेही त्याच आवाजात. जीवननं डोळे मिटून घेतले. नागोराव तोंड फिरवून उभे राहिले.

आता काय करावं? जाईबाईनं पदर खोचला आणि दुपारची भाकरी ताटात घालून बाहेर आली.

"ए जीवन!" ती कडाडली. आयुष्यात ती एवढ्या मोठ्यानं कुणावर ओरडली नव्हती. "भाऊ बिऊ गेलं चुलीत! महिना झाला, रोज मी भाकरी थापायची आन् तू दोन घास खाऊन ताट सरकवायचं? ही काय मेस हाय व्हय तुझ्या पलटणीची? ऊठ! मान वर कर! ह्यातला एक घास जरी उरला ना, तर बघ, खाटेसकट टँकरच्या रांगेत नेऊन ठेवीन!"

समोरचं दार उघडलं. हंसाबेन आणि तिच्यामागं संघप्रिया, दोघी तोंडाचा आ करून उभ्या होत्या. जीवननं डोळे उघडले. आधी त्याला समजेना, मग त्याचा सुजलेला चेहरा हळूहळू उजळला आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसला.

"वैनी," तो म्हणाला, "तुमाला नीट वरडता येत न्हाई. शेवटाला आवाज उतरायलाय."

"शिकव मग! लई आलास उस्ताद!"

त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या झाल्या, पण सकाळी डोळे उघडताच त्यानं पहिल्यांदा विचारलं, वैनी कुठं हाय. मग रोजचंच झालं. नागोराव एका बाजूनं त्याची पाठ पुसत "दुखलं का, बाळा" म्हणायचे, आणि दुसऱ्या बाजूनं जाईबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिला त्यात गोडी लागली. शाळेतून आली की संघप्रियाही दोन शब्द हाणायची, "काका, कूस बदल, किती लोळतोयस!" हंसाबेननं टँकरच्या रांगेत जाहीर करून टाकलं, "पहले एक चिल्लाता था, अभी पूरी फॅमिली चिल्लाती है."

हेवा गेला का? म्हटलं तर गेला, म्हटलं तर नाही. नागोराव खाटेवर बसून हळू आवाजात बोलायला लागले की जाईबाईच्या हाताला अजूनही चाळा लागायचा, चपाती अजूनही वेडीवाकडी व्हायची. सवय झाली होती. फक्त आता त्या आवाजाकडं ती कान लावून बसत नव्हती. मुद्दाम भांडी वाजवायची.

फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी टँकरचा भोंगा वाजला. बायका पळाल्या. जाईबाईनं हंडा उचलला, दारापर्यंत गेली आणि जीवनकडं वळून बघितलं. तो टक लावून तिच्याकडं बघत होता. ओठ हलवल्यासारखं केलं त्यानं. तिनं हंडा हंसाबेनच्या हातात दिला. "मेरा भी भर लेना," म्हणाली आणि परत येऊन खाटेच्या उशाशी बसली.

नागोरावांनी जीवनचा हात हातात घेतला होता. ते काहीतरी हळू हळू बोलत होते. जाईबाईनं जीवनच्या कपाळावर हात ठेवला आणि जेवढं जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "नीट झोप की रे जरा! किती वळवळ करतोस!"

त्याच्या ओठांच्या कडा वर गेल्या. त्यानंतर तो वळवळला नाही.

दुपारी इमारतीतल्या माणसांनी खांदा दिला. भाईंदरात राहणारे दोन-तीन जुने फौजी आले, त्यांनी स्मशानात सलामी ठोकली. सगळं उरकून नागोराव परत आले, आंघोळ केली आणि ओट्याशी गेले. कुकर घेतला, चिंच लावून आतून-बाहेरून लख्ख घासला आणि जाईबाईच्या फळीवर, त्याच्या जुन्या जागी नेऊन ठेवला. संघप्रिया हंसाबेनकडं जेवून तिथंच झोपली होती. बाहेरच्या खोलीत रिकामी खाट होती आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून जाईबाई बसली होती. हंसाबेननं दिलेली खिचडी तशीच झाकून ठेवलेली होती.

नागोराव तिच्याजवळ येऊन बसले. तिच्याकडं बघत म्हणाले, "जाई, दोन घास जातील का?"

तोच आवाज. मऊ, खालच्या पट्टीतला, उत्तराची वाट बघत थांबणारा. ज्याच्यासाठी तिनं बोट कापून घेतलं होतं तो आवाज, आज न मागता तिच्याजवळ आला होता. आणि जाईबाई दचकली. ह्यांनी काय बघितलं माझ्यात? काय ठाऊक झालंय ह्यांना? तिनं घाबरून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही नव्हतं, दिवसभर रडायचा राहून गेलेला एक थकलेला माणूस होता. तरी तिची भीती गेली नाही.

"असं नका बोलू," तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "वरडून इचारा."

नागोराव गोंधळले. मग त्यांना समजलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला, घसा खाकरला, मान ताठ केली.

"जाई! ताट घे म्हणतो ना! ऐकू येत नाही? सकाळपासून पोटात काही नाही, उपाशी राहून मरायचंय का?"

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज उतरला होता. जीवन असता तर त्यानं लगेच चूक काढली असती.

"आले, आले," म्हणत जाईबाई उठली आणि तिनं दोन ताटं मांडली.